करार मोजून घ्या!

(बेसा, नागपूर येथे कापड-गिरणी कामगारांच्या मेळाव्यात केलेले भाषण)

कामगार बंधूंनो आणि भगिनींनो,

पाळी सुटली, अंगावरचा कापूस झटकला, आणि घरी जाऊन दोन घास खायच्या वेळी तुम्ही इथे आलात. तेव्हा तुमचा वेळ आम्ही फुकट घेणार नाही. आज आम्ही नवी घोषणा द्यायला उभे नाही. घोषणा पुष्कळ झाल्या. आज हिशेबाची गोष्ट करावयाची आहे.

तुम्ही कापडवाले. तागा साच्यावरून उतरला की काम संपले, असे तुमच्या खात्यात कोणी मानत नाही. तो तागा उलगडतात, उजेडात धरतात, मोजतात. डाग कुठे पडला, धागा कुठे तुटला, कापड किती भरले, सारे लिहून ठेवतात. खोट निघाली तर भुर्दंड तुमच्या माथी. मग आमचा सवाल एवढाच आहे की, तुमच्या ताग्यावर इतकी करडी नजर, तर सरकारच्या ताग्यावर कोणाची? कायदा होतो, योजना होते, करार होतो. वर्तमानपत्रात फोटो येतो, हार पडतात, टाळ्या वाजतात. पण तो तागा उलगडून, उजेडात धरून, किती भरला हे कोण मोजतो?

लबाडाचे आमंत्रण जेवल्याशिवाय खरे नाही, असे आपली म्हातारी माणसे सांगत. आम्ही पुढे जाऊन म्हणतो, भल्या माणसाचे आमंत्रणही पंगत बसल्याशिवाय खरे धरू नका!

लोखंड्यांनी काय मागितले?

ही अक्कल आम्हांला पुस्तकातून आलेली नाही. ती गिरणी कामगारांच्या वडिलोपार्जित ठेव्यातली आहे. 1884 सालच्या सप्टेंबरात मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारच्या आयोगापुढे ठेवला. त्या वेळी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू होऊन सात वर्षे झाली होती. लोखंड्यांनी काय मागितले ते नीट ऐका. आठवड्यातून एक दिवस सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत.

राजेहो, या मागण्यांची घडण पाहा! ‘कामगारांकडे आपुलकीने पाहावे’ असे त्यांनी लिहिले नाही. ‘योग्य ती विश्रांती मिळावी’ असेही लिहिले नाही. एक दिवस, अर्धा तास, 15 तारीख. अंगठेबहाद्दर बदली कामगारालासुद्धा कळावे की मिळाले की नाही मिळाले. रविवार आला आणि भोंगा वाजला, तर मालकाने शब्द मोडला. नाही वाजला, तर पाळला. आणि सहा वर्षांनी, जून 1890 मध्ये, मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुट्टी सुरू झाली.

ज्या वचनाला आकडा असतो ते मोजता येते. ज्याला आकडा नाही ते फक्त ऐकता येते. आजच्या भाषणातून तुम्ही एवढेच घरी नेलेत तरी आमचे काम झाले.

नागपूर करार उलगडून पाहू

आता हीच फूटपट्टी आपल्या मराठी राज्याला लावू. हे राज्य काही कोणी ताटात वाढून दिलेले नाही. मुंबईच्या रस्त्यांवर त्यासाठी रक्त सांडले आणि त्यात गिरणगावचे रक्त होते. पण राज्य येण्याच्या आधीच, 28 सप्टेंबर 1953 रोजी, विदर्भ, मराठवाडा आणि उरलेल्या महाराष्ट्रातल्या पुढाऱ्यांनी नागपूर करारावर सह्या केल्या. सह्या करणाऱ्यांत भाऊसाहेब हिरे होते, यशवंतराव चव्हाण होते, विदर्भाचे रा. कृ. पाटील, गोपाळराव खेडकर, शेषराव वानखेडे होते.

विदर्भ वेगळा असावा की महाराष्ट्रात, हा वाद आम्ही आज उकरत नाही. ज्याचे मत ज्याच्यापाशी. आम्ही एवढेच म्हणतो की सही झाली ना? मग तागा मोजा.

करारात काय होते? वर्षातून निदान एक अधिवेशन नागपुरास भरवायचे. सरकारने ठराविक मुदत नागपुरास येऊन राहायचे. खर्चाचा पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात वाटायचा. मराठवाडा मागे राहिलेला, म्हणून त्याच्याकडे विशेष लक्ष द्यायचे. नोकऱ्यांत आणि उच्च शिक्षणाच्या जागांत प्रत्येक विभागाला वाटा द्यायचा. आणि मित्रहो, या पैशाच्या वाटणीचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवायचा! म्हणजे करार करणाऱ्यांना मोजणीची गरज कळत होती. त्यांनी ती लिहूनही ठेवली.

आता घडले काय ते पाहा. ‘वर्षातून एक अधिवेशन’ याला आकडा होता. म्हणून ते कलम बऱ्यापैकी पाळले गेले. 1960 पासून हिवाळ्यात सरकार नागपुरास येऊ लागले. जेव्हा आले नाही तेव्हा साऱ्यांना कळले. 2020 आणि 2021 साली करोनाच्या काळात हिवाळी अधिवेशन मुंबईतच झाले, तर पानठेल्यावरचा माणूससुद्धा विचारू लागला, ‘काहून आले नाहीत?’ पण मुक्काम किती दिवसांचा? करारात शब्द होते ‘ठराविक मुदत’. दिवस किती, ते लिहिले नव्हते. मग 2024 च्या डिसेंबरात हे अधिवेशन 16 तारखेला सुरू झाले आणि 21 तारखेला संपले. एक आठवडाही पुरा नाही! करार मोडला म्हणावे, तर एकही शब्द मोडलेला नाही. पाळला म्हणावे, तर आपल्या हाती काय पडले? आकडा नसलेल्या वचनाची ही अशी गत होते.

आणि ‘विशेष लक्ष’? ते कोणत्या काट्यावर तोलायचे? ‘योग्य वाटा’ कोणत्या गजाने मोजायचा?

तीस वर्षांनी काटा आला

1956 साली संविधानात दुरुस्ती होऊन 371 व्या अनुच्छेदात तरतूद आली. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी वेगवेगळी विकास मंडळे नेमता येतील आणि त्यांच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवला जाईल. देशाच्या संविधानात लिहिले, आणखी काय पाहिजे? पण मंडळे प्रत्यक्षात आली 1994 साली. मध्ये अडतीस वर्षे गेली. ज्या पोराचा जन्म 1956 चा, तो गिरणीत लागून, लग्न करून, बापाच्या वयाचा झाला तेव्हा मंडळाची पाटी लागली.

त्याच्या आधी, 1983 साली, सरकारने अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. या समितीने प्रथमच खरा काटा आणला. तिने विचारले, रस्ते, सिंचन, वीज, शाळा, दवाखाने, पाणी यांची राज्याची सरासरी किती? कोणता जिल्हा त्या सरासरीच्या किती खाली? आणि त्याला तिथवर आणायला पैसा किती लागेल? त्या पैशाला नाव पडले अनुशेष. 1984 साली आकडा आला 3,186 कोटी 78 लाख रुपये. त्यात विदर्भाचे 1,246 कोटी 55 लाख, मराठवाड्याचे 750 कोटी 85 लाख आणि उर्वरित महाराष्ट्राचे 1,189 कोटी 38 लाख.

यातला शेवटचा आकडा पुन्हा ऐका. जे म्हणतात की मोजणी म्हणजे विदर्भाने पश्चिम महाराष्ट्राशी मांडलेले भांडण, त्यांना हा आकडा दाखवा. उरलेल्या महाराष्ट्रातही मागे पडलेले जिल्हे होते, आणि कोकण त्याच भागात येते. ज्या कोकणाने आपली पोरे मुंबईच्या साच्यांवर पाठवली ते कोकण! काटा कोणाचा शत्रू नसतो. काट्याला शत्रू मानतो तो फक्त कमी तोलणारा.

पुढे दुसरी समिती नेमली गेली आणि 1997 साली तिने अहवाल दिला. 1994 सालचा अनुशेष तिने धरला 14,006 कोटी रुपयांच्या वर. दहा वर्षांत भाव वाढले होते हे खरे, म्हणून दोन आकडे नुसते शेजारी ठेवून आम्ही ओरड करणार नाही. पण भरून काढायची गोष्ट पुसली गेली नव्हती, एवढे तर त्यातून दिसतेच. मात्र मोजणीचा एक गुण तेव्हा कळला. आकडा छापील झाल्यावर राज्यपालांना निधीवाटपाचे निर्देश देता आले, वर्तमानपत्रांना विचारता आले, आमदाराला सभागृहात उभे राहता आले. नुसते ‘आमच्यावर अन्याय होतो’ म्हणून कोणी हललेला आम्ही पाहिला नाही. ‘इतके कोटी, या जिल्ह्यात, या बाबीवर’ म्हटले की साहेबाला फाईल उघडावी लागते.

आणि मग? 30 एप्रिल 2020 रोजी या मंडळांची मुदत संपली आणि वाढवून दिली गेली नाही. सप्टेंबर 2022 मध्ये मंत्रिमंडळाने ती पुन्हा स्थापण्याचा निर्णय घेतला. निर्णय झाला, फार चांगले. पण तुम्ही गिरणीवाले आहात. सूत आले म्हणजे कापड झाले, असे तुम्ही म्हणता का?

एका शब्दाने जमीन गेली

तुम्ही म्हणाल, करार आणि मंडळे ही मोठ्यांची गोष्ट, आमच्या भाकरीशी तिचा काय संबंध? तर मग तुमच्याच भाऊबंदांची गोष्ट ऐका.

18 जानेवारी 1982 ला मुंबईतले अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक पडत गेल्या आणि मागे राहिली सहाशे एकरांच्या आसपास जमीन. 1991 साली विकास नियंत्रण नियमात 58 वे कलम आले. त्याचा ढोबळ अर्थ असा होता की, गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा तर एक भाग शहराच्या मैदानांना आणि सोयींना, एक भाग म्हाडाच्या घरांना आणि एक भाग मालकाला. गरीब माणसाला वाटले, चला, काहीतरी हाती येईल.

2001 साली नियमात दुरुस्ती झाली. वाटणी राहिली, पण ती फक्त मोकळ्या जमिनीची. ज्या जमिनीवर शेड, गोदाम, चिमणी उभी होती ती वाटणीतून बाहेर. आता गिरणीत मोकळी जागा असते तरी किती? तुम्ही सांगा! जिकडे पाहावे तिकडे खातीच खाती. प्रकरण न्यायालयात गेले आणि मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम ठेवली. ‘मोकळी’ या एका शब्दाने शहराची मैदाने आणि गरिबांची घरे आकसून गेली.

पुढे गिरणी कामगारांनी मोर्चे काढून, उन्हातान्हात बसून घरे मागितली. जून 2012 मध्ये पहिली मोठी सोडत निघाली ती 6,925 घरांची. अर्ज लाखाच्या वर. ज्यांना घर लागले त्यांचे अभिनंदन. पण घराची वाट पाहता पाहता किती म्हातारे गेले आणि वारसांनी चावी घेतली, हे त्या त्या घराला माहीत आहे. म्हणून आम्ही सांगतो, कायदा झाल्याच्या दिवशी नाचू नका. दुरुस्ती होण्याच्या दिवशी झोपू नका!

पगाराच्या चिठ्ठीवरचे दोनशे रुपये

आता खिशात हात घाला. पगाराची चिठ्ठी काढा. त्यात ‘व्यवसाय कर’ म्हणून कापलेली रक्कम दिसेल. ज्याचा पगार त्या मर्यादेत येतो त्याचे महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे. हा कर कशासाठी आला, ठाऊक आहे? 1975 सालच्या कायद्याने तो बसवला, तो खेड्यातल्या माणसाला काम देणाऱ्या रोजगार हमी योजनेसाठी. वि. स. पागे यांनी 1965 साली तासगावच्या मुलखात प्रयोग म्हणून सुरू केलेली ही योजना 1972 च्या दुष्काळात राज्यभर पसरली. 1977 साली तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. शहरातल्या पगारदाराने कर भरायचा आणि सरकारने त्याच्या जोडीला तितकेच घालायचे, अशी ती रचना होती. पंधरा दिवसांत काम नाही दिले तर बेकार भत्ता, असा शब्द त्यात होता. आकडा असलेला शब्द!

म्हणजे बंधूंनो, शेतमजुराच्या हातात पडणाऱ्या मजुरीत गिरणीच्या घामाचा वाटा होता. मग हजेरीपटावरची नावे खरी की खोटी, हे विचारण्याचा हक्क तुमचा नाही तर कोणाचा?

हा हक्क कसा वापरावा, ते राजस्थानातल्या मजुरांनी दाखवले. 2 डिसेंबर 1994 ला पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना गावी मजूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावणी भरवली. केले काय? सरकारी कामाची कागदपत्रे, हजेरीपट आणि बिले गावासमोर मोठ्याने वाचली. ज्याचे नाव आले त्याला विचारले, ‘तू या कामावर होतास का? इतकी मजुरी मिळाली का?’ बस्स. ना दगड, ना घोषणा. कागद वाचला आणि खोटे उघडे पडले. त्या चळवळीतून माहितीच्या अधिकाराची मागणी देशभर गेली. महाराष्ट्राने 2002 साली आपला कायदा केला आणि 2005 साली सबंध देशाचा आला.

‘वर पाठवलाय’

आता आमच्या पदरची एक गोष्ट सांगतो आणि मग आवरते घेतो. आमच्या वस्तीत एका बदली कामगाराची विधवा राहते. निराधारांच्या अनुदानासाठी तिने अर्ज केला. कचेरीत विचारायला गेली की उत्तर ठरलेले, ‘वर पाठवलाय, बाई.’ सात महिने बाई ऑटोला पैसे घालून जात होती आणि ‘वर’ बघत परत येत होती. आम्हीही दोनदा जाऊन तावातावाने बोललो. साहेबांनी पाणी विचारले, खुर्ची दिली आणि सांगितले, ‘वर पाठवलाय.’

मग आमच्यातल्या एका पोरीने दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहितीचा अर्ज टाकला. त्यात फक्त तीन गोष्टी विचारल्या. अर्ज कोणत्या तारखेला वर गेला? जावक क्रमांक काय? आज तो कोणाच्या टेबलावर आहे? तीस दिवसांच्या आत उत्तर आले. जावक क्रमांक नव्हता, कारण अर्ज त्या टेबलावरून हललाच नव्हता. पुढच्या महिन्यात तो हलला आणि बाईचे अनुदान सुरू झाले.

आम्हांला स्वतःची लाज वाटली. सात महिने आम्ही आवाज चढवत होतो, आणि विचारायला पाहिजे होता एक नंबर!

बेसा येथे काय करायचे?

हे बेसा काल गाव होते. आज शेताच्या जागी इमारती उठल्या आणि बेसा-पिपळा नगरपंचायत झाली. नगरपंचायत झाली म्हणजे विकास झाला, असे पुष्कळांना वाटते. होवो बाप्पा! पण एक गोष्ट हातची गेली. गाव होते तेव्हा ग्रामसभा होती. 1 मे ला, आपल्या राज्याच्या वाढदिवशी, कोणीही उठून हिशेब विचारू शकत होता. ती ग्रामसभा आता नाही. जिथे सभा नाही तिथे सभा आपण भरवायची.

म्हणून प्रत्येक योजनेला, प्रत्येक पाटीला, प्रत्येक भूमिपूजनाला हे पाच सवाल विचारा आणि उत्तर वहीत लिहा:

किती? म्हणजे किती मीटर नाली, किती नळ, किती रुपये.

कोणी करायचे? म्हणजे कोणते खाते, कोणता कंत्राटदार.

कोणत्या तारखेपर्यंत?

पुरावा कुठे? म्हणजे कामाचा आदेश, मोजमाप पुस्तक, बिल.

आणि नाही झाले तर दाद कोणाकडे?

उत्तर तोंडी देत असतील तर माहितीचा अर्ज करा. एक अर्ज, एक विषय, दीडशे शब्दांच्या आत. तीस दिवसांत उत्तर नाही आले, किंवा अर्धवट आले, तर त्याच कचेरीच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिले अपील. तिथेही नाही भागले तर राज्य माहिती आयोगाचे खंडपीठ इथे नागपुरातच आहे. या कायद्याने नुसता कागदच नव्हे, चालू कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचा नमुना घेण्याचाही हक्क तुम्हाला दिला आहे. सिमेंटच्या रस्त्याचा तुकडा मागता येतो, राजेहो! आणि दाखले व इतर ठरवून दिलेल्या सेवांसाठी 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे. सेवेला मुदत आहे, उशीर केला तर अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे. फक्त अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

एक इशारा देऊन ठेवतो. वही धरणाऱ्याने स्वतः खोटा आकडा लिहायचा नाही. ज्या कामात खोट नाही तिथे ‘नीट झाले’ असे तितक्याच ठळक अक्षरात लिहायचे. आपला काटा खरा असेल तरच दुसऱ्याचा खोटा ठरेल. आणि जो कारकून, जो अभियंता सचोटीने काम करतो, त्याला ही वही आधार वाटली पाहिजे, धाक नव्हे.

बंधूंनो, भगिनींनो, मराठी राज्य मागताना आपल्या बापजाद्यांनी छाती पुढे केली. ते राज्य चालते कसे हे पाहताना आपल्याला छाती पुढे करायची नाही, नुसती वही पुढे करायची आहे. छातीपेक्षा ती हलकी आहे, पण रोज उचलावी लागते. गोळीपुढे उभे राहणे एका दिवसाचे. वही धरणे जन्माचे. आपण साच्यापुढे आठ-आठ तास उभे राहून एकेक धागा पाहणारी माणसे. हे काम आपल्याला नाही जमणार, तर कोणाला जमणार?

येत्या 1 मे ला इथेच पुन्हा जमू. हार आणू नका, वह्या आणा. काय कबूल झाले होते, काय झाले आणि काय राहिले, ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचू.

जय महाराष्ट्र!